शेजारी ठेवलेलं झाड

१

रंगाऱ्याला वाचता यायचं ते दुकानाच्या पाटीपुरतं. चौथीत शाळा सोडली आणि हातात ब्रश धरला, तो गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत सोडला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या; मनगटावर बसलेला पांढरा शिंतोडा टर्पेंटाईननेही कधी निघाला नाही. लोक म्हणायचे, "क्रीम कलर मारा." हा विचारायचा, "कुठला? क्रीम अकरा प्रकारचा असतो." लोकांना वाटायचं, गडी भाव खातोय. पण त्याला खरंच अकरा दिसायचे.

काम सुटलं की माणसाला कसलं तरी खूळ लागतं. याला ड्रेसिनाचं लागलं, कुंडीतल्या शोभेच्या झाडाचं. फुलझाडं त्याला आवडत नसत. फूल म्हणजे चार दिवसांची मिजास आणि मग कचरा, असं त्याचं मत. ड्रेसिना फुलाच्या भानगडीत सहसा पडत नाही. काय दाखवायचं ते पानात. कुणाच्या मधोमध पिवळा पट्टा, कुणाला दोन पांढरे, कुणाचा काठ असा लाल की वाटावं कुणीतरी बारीक ब्रशने ओढलाय. गॅलरीत एकतीस कुंड्या झाल्या. पुस्तकातली नावं त्याच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्याने आपलीच ठेवली. लालकाठी, दुपट्टी, लिंबू. जिच्यावर ठिपके होते ती शिंतोडी.

त्याची बायको जिभेने तिखट होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि तिथून संसार हाकायची. हा गॅलरीत पान उलटसुलट करून बघायला लागला की आतून आवाज यायचा. आधी 'च्च', मग वाक्य.

"च्च. एवढं निरखून लग्नाच्या वेळी मला बघितलं असतंत, तर दोघंही सुटलो असतो."

"तेव्हा उजेड कमी होता," हा खोकत म्हणायचा. रंगाचा खोकला त्याला जुना होता.

लोक त्याच्याकडे कागदात गुंडाळून पान घेऊन यायचे, हे कुठलं म्हणून. त्याची ओळखायची रीत भिंतीवरून आलेली होती. जुन्या भिंतीला रंग जुळवायचा असला की डब्यात बघून कळत नाही. जुन्या रंगाच्या शेजारी नव्याचा एक पट्टा मारायचा आणि वाळेपर्यंत गप्प बसायचं. ओला रंग खोटं बोलतो. झाडाचंही तेच. अनोळखी झाड आलं की त्याच्याशी सगळ्यात मिळतंजुळतं घरचं झाड निवडायचं, दोघांना पानाला पान लागेल असं शेजारी ठेवायचं आणि नवं पान फुटायची वाट बघायची. जुनी पानं कुठल्या पाण्यावर, कुठल्या उन्हात वाढली काय माहीत. नवं पान खरं सांगतं.

या रितीने तो आजवर कधी चुकला नव्हता.

२

ते झाड त्याला एका बंद पडलेल्या दवाखान्यात मिळालं.

तिथला कंपाउंडर त्याच्या ओळखीचा होता. डॉक्टर वारले, जागा रिकामी करायची होती. कंपाउंडरने निरोप दिला, एक कुंडी पडली आहे, हवी तर उचला, नाहीतर मुकादम टाकून देईल. रंगारी सकाळी दहाला गेला. ती बसायची खोली कधीकाळी त्यानेच रंगवली होती. कमरेपर्यंत ऑइलपेंट, फिकट हिरवा, वर पांढरा. सात खुर्च्या एका रांगेत जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या, तांबड्या रेक्झिनच्या. कुंडी कोपऱ्यात, सातव्या खुर्चीला लागून.

सातवी खुर्ची पांढरी फटक पडली होती. रेक्झिन फाटलेलं नव्हतं, शिवण जागच्या जागी होती. नुसता रंग नव्हता. मागच्या भिंतीवरही हातभर रुंद पट्टा तसाच, रंगाखालच्या पुट्टीपर्यंत फिका.

"हिला काय झालं?" रंगाऱ्याने विचारलं.

"ऊन लागलं असेल."

"कुठून? इथे खिडकी कुठाय?"

कंपाउंडर किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, "त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. का ते मला विचारू नका. गर्दी असली तरी लोक उभे राहायचे, पण तिथे बसायचे नाहीत."

रंगाऱ्याने झाड बघितलं. कमरेएवढं, सरळ खोड, वर पानांचा झुबका. खालची पानं तांबडी, आणि त्यांच्या काठाने बारीक फिकट ठिपक्यांची ओळ, टाके घातल्यासारखी. वरची पानं फिकट हिरवी. असं ड्रेसिना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने एकेक पान उलटं करून बघितलं. छंदी माणसालाच कळेल ते, बाकीच्यांनी हसू नये.

"पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही. आठ महिने कुलूप आहे."

"मग हे मेलं कसं नाही?"

"ते तुम्हीच सांगा. जाणकार तुम्ही," कंपाउंडर म्हणाला.

रंगाऱ्याने कुंडी उचलली. एवढ्या झाडाच्या मानाने फार हलकी लागली. माती सुकली असेल, असं तो मनाशी म्हणाला आणि घरी घेऊन आला.

३

तांबड्याला सगळ्यात जवळची म्हणून त्याने ते लालकाठीच्या शेजारी ठेवलं. पानाला पान लावून. बाराव्या दिवशी शेंड्यातून सुरळी वर आली, पंधराव्या दिवशी उलगडली. अरुंद हिरवं पान, मधे दुधी रेघ, काठ लाल. हुबेहूब लालकाठी.

खालच्या मजल्यावर निवृत्त ग्रंथपाल राहायचे. तेही ड्रेसिनावाले, पण पुस्तकी. दर रविवारी काखेत एक जाडजूड ग्रंथ मारून वर यायचे आणि रंगाऱ्याने लालकाठी म्हटलं की तिचं चार शब्दांचं नाव वाचून दाखवायचे.

"अहो रंगारी, हे शक्य नाही," ते भिंग लावून म्हणाले. "खालचं पान इतकं रुंद, आणि वरचं इतकं अरुंद? एका झाडावर?"

"दवाखान्यात अंधार होता. अंधारात पान पसरतं."

"आणि हा तांबडा रंग? ग्रंथात नाही."

"तुमच्या ग्रंथात माझी बायकोपण नाही. म्हणून ती नाही का?"

आतून 'च्च' ऐकू आलं. "मला कशाला ओढताय मधे. ग्रंथपाल, चहा घेऊन जा, आणि त्यांना पण खाली घेऊन जा."

ग्रंथपाल हसले. मग हसू आवरून त्यांनी लालकाठीकडे बोट दाखवलं. "हिला काय झालं हो?"

रंगाऱ्याने बघितलं. लालकाठीच्या पानांना लाल काठच राहिला नव्हता. दुधी रेघही नाही. नुसतं हिरवं गवत. असं होतं कधीकधी, रंगीत झाड थकलं की साधं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. ग्रंथपालांनी त्या प्रकाराचं पुस्तकी नावही सांगितलं. पण तसं झालं तर नवी पानं हिरवी फुटतात. आलेल्या पानांतला रंग परत जात नाही. हेही दोघांना माहीत होतं.

रंगाऱ्याने ते झाड उचलून दुपट्टीच्या शेजारी ठेवलं. पक्कं करायला. तीन आठवड्यांनी जे पान आलं त्यावर दोन पांढरे पट्टे होते.

४

त्याला राग आला. भीती नंतरची. चाळीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाला झाड चकवतंय म्हणजे काय? त्याने ठरवलं, एक पान कापून नर्सरीवालीला दाखवायचं. नर्सरीवाली म्हणजे तीस वर्षं मातीत हात घातलेली बाई, तिला फसवणं सोपं नाही. त्याने कात्री घेतली आणि लालकाठीसारखं आलेलं पान देठापासून कापलं. कापताना ते ओलसर लागलं. ड्रेसिनाचं पान असं लागत नाही, ते जाड कागदासारखं कापतं.

पान कागदात गुंडाळलं, चप्पल घातली, आणि निघताना सवयीने गॅलरीवरून नजर फिरवली. लालकाठी आडवी झाली होती.

सकाळी ताठ उभी होती. आता खोड मधूनच लुळं पडून कुंडीच्या काठावरून लोंबत होतं. त्याने हात लावला तर मऊ, आत काहीच नसल्यासारखं. सहा वर्षांचं झाड, बोटभराच्या कांडीपासून वाढवलेलं.

नर्सरीवालीने पान उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि काउंटरवर ठेवलं. मग हात पुसले.

"तुमच्या लालकाठीचंच आहे. पण हे माझ्या दुकानात ठेवू नका, काका."

"का? रोग आहे?"

"असेल. मला काय माहीत. वेगळं ठेवा ते झाड. बाकीच्यांपासून लांब."

हे रंगाऱ्याला पटलं. झाडं पाळणाऱ्या कुणालाही पटेल. आजारी झाड कळपात ठेवत नाहीत, ही पहिली शिकवण. त्याने घरभर बघितलं, गॅलरीपासून सगळ्यात लांब आणि तरी उजेड येणारी जागा कुठली. एकच होती. स्वयंपाकघराची खिडकी.

बायकोने नाक मुरडलं. "माझ्या मांडीवरच ठेवा ना त्यापेक्षा."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. त्या झाडांपासून लांब पाहिजे."

"म्हणजे झाडांना लागू नये, मला लागलं तर चालेल."

"झाडाचा रोग माणसाला लागत नाही," रंगारी म्हणाला, आणि कुंडी तिच्या खुर्चीला लावून ठेवली. पानं तिच्या दंडाला टेकत होती. ती दोनदा बाजूला सरकली, मग कंटाळून तशीच बसली.

५

महिनाभर काही झालं नाही. झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही असंही म्हणता येईल.

आधी लक्षात आलं ते लेकीच्या. ती दुसऱ्या गावी असते, रोज दुपारी फोन करते.

"बाबा, आई बरी आहे ना?"

"का गं?"

"आज मी तिला म्हटलं, सुट्टीत येणं जमत नाही. ती म्हणाली, बरं."

"मग?"

"मग काय? ओरडली नाही. तुझ्या बापावर गेलीस असं पण म्हणाली नाही. नुसतं बरं. मला कसंतरीच झालं."

रंगाऱ्याने फोन ठेवला आणि विचार करायला लागला. शेवटची ती कधी बोलली होती त्याला? भाजीत मीठ कमी होतं, मुकाट्याने जेवली. परवा तो ओले पाय घेऊन घरभर फिरला, तिने बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. घर बरेच दिवस शांत होतं आणि गाढवासारखा तो त्या शांततेत सुखाने पेपरातली चित्रं बघत होता.

तो स्वयंपाकघरात गेला. "आज गुडघा कसाय?"

"बराय."

"दुखतोय का?"

"नाही दुखत." मग, बऱ्याच वेळाने, "तुम्ही सांगाल तसं."

ती उजेडात बसली होती. अंगाने खंगली नव्हती, हातपाय होते तसे होते. पण तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, ही भिंत धुतलेली आहे. रंग काढून, घासून, दुसरा हात मारायच्या आधी भिंत दिसते तशी. ओठ आणि गाल एकच. केस पांढरे होतेच, पण आता त्यांच्यात आणि कपाळात फरक कुठे सुरू होतो ते शोधावं लागत होतं.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित. "वय झालं," डॉक्टर म्हणाले. रंगाऱ्याला डॉक्टरला हाणावंसं वाटलं.

घरी आल्यावर त्याने तिला खुर्चीत बसवलं, आणि तेव्हा त्याला शेंड्यातलं नवं पान दिसलं. पुरतं उलगडलेलं होतं. गडबडीत दोन दिवस त्याने बघितलंच नव्हतं.

हे पान कशाशीच जुळत नव्हतं. हिरवं नाही, पिवळं नाही. सवयीने त्याने मनातल्या मनात रंग काढला. पांढऱ्यात पिवळी माती, तिच्यात चिमूटभर गेरू, काळ्याचा एक थेंब. ही शेड त्याने कुठेतरी रोज बघितली होती. पानाच्या आत बारीक निळसर शिरा होत्या, आणि ड्रेसिनाच्या शिरा सरळ जातात, या फाटे फुटून वळत होत्या. देठाजवळ एक तपकिरी डाग होता, वाटाण्याएवढा, एका बाजूला किंचित कापल्यासारखा.

रंगाऱ्याने बायकोचा उजवा हात धरला आणि बाही वर केली. कोपराच्या खाली तिला जन्मापासून एक तीळ होता. एका बाजूला किंचित कापल्यासारखा.

तिथे काही नव्हतं. नितळ कातडी.

"काय बघता?" तिने विचारलं. जाणून घ्यायचं म्हणून नव्हे. विचारायचं असतं म्हणून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

६

त्याने झाड उचलून अडगळीच्या खोलीत नेलं. तिथे त्याची शिडी, रिकामे डबे, वाळून काठी झालेले ब्रश. मग ग्रंथपालांना बोलावलं. सगळं सांगितलं नाही. लालकाठीचं सांगितलं, दुपट्टीचं सांगितलं, पानाचा रंग दाखवला. हाताचं सांगितलं नाही. एवढं वाचलेला माणूस, हसला असता तर रंगाऱ्याला ते सहन झालं नसतं.

ग्रंथपाल हसले नाहीत. बराच वेळ ते त्या पानाकडे भिंगाशिवाय बघत राहिले.

"मुळं बघितलीत का?" ते म्हणाले. "खऱ्या ड्रेसिनाचं मूळ पिवळं असतं, नारिंगीकडे झुकणारं. दुसऱ्या जातीचं पांढरं असतं. लोक इथेच फसतात. मूळ बघा, सोक्षमोक्ष लागेल."

दोघांनी जमिनीवर कागद पसरला. रंगाऱ्याने कुंडी आडवी केली आणि बुडाला थापट्या मारल्या. माती भुगा होऊन पडली, कोरडी ठणठणीत. मागोमाग खोड बाहेर आलं.

मुळं नव्हती. कुजलीही नव्हती, तुटलीही नव्हती. खोड खाली सपाट संपलं होतं, पॉलिशपेपर मारल्यासारखं गुळगुळीत. खुर्चीचा पाय संपतो तसं.

"पाणी घालत होतात ना?" ग्रंथपालांनी हळू विचारलं.

"रोज."

"मग ते जात कुठे होतं?"

रंगाऱ्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. घातलेलं पाणी खालच्या बशीत कधी उतरलं नव्हतं, आणि माती तर कोरडी होती.

तेवढ्यात आवाज आला. 'च्च.'

जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा. चाळीस वर्षं ऐकलेला. रंगारी ताडकन उठला आणि स्वयंपाकघरात धावला. त्याला वाटलं, आली, परत आली बाई. बायको खुर्चीत होती, हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून. डोळे भिंतीकडे.

"तू आवाज केलास?"

"नाही," ती म्हणाली.

तो परत आला तेव्हा ग्रंथपाल भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या हातातला ग्रंथ खाली पडला होता. त्यांनी तो उचलला नाही.

"कापून टाका," ते म्हणाले. "आत्ता. तुकडे करा आणि जाळा. मी रॉकेल आणतो."

"नाही."

"रंगारी, ऐका माझं."

"पान कापलं तेव्हा लालकाठी गेली," रंगारी म्हणाला. "पायरीवर पोचायच्या आत गेली. हे पान कुणाचं आहे ते मला माहीत आहे. जाळायचं असेल तर तुमचं घर जाळा."

ग्रंथपालांनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दिशेने बघितलं. माणूस हुशार होता. त्याला कळलं. जिना उतरताना त्यांनी कठड्याला घट्ट धरलं होतं.

७

खोड त्याने परत कुंडीत रोवलं आणि खोली बंद केली. कापायचं नाही, जवळ ठेवायचं नाही. एवढं साधं गणित चौथी नापासालाही येतं, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी झाडाची पानं लोंबली. त्याच संध्याकाळी बायकोच्या हातातून कप सुटला. तिसऱ्या दिवशी तिला मान धरवेना. त्याने घाईघाईने पट्टे उडालेली दुपट्टी आणून झाडाला लावून ठेवली, मग लिंबू, मग शिंतोडी. त्याच्या सगळ्यात देखण्या कुंड्या एकेक करून त्याने त्या खोलीत नेल्या. घे म्हणाला. त्याच्या आवडीचं जे जे होतं ते पुढे केलं. झाडाने कशाला तोंड लावलं नाही. पानं लोंबतच गेली. त्याला माणसाची चव लागली होती.

चौथ्या दिवशी सकाळी बायको उशीवर पडून होती आणि त्याला तिचा चेहरा शोधावा लागला. चेहरा जागेवर होता. पण नजर टिकत नव्हती त्याच्यावर, पांढऱ्यावर पांढरा पट्टा मारल्यावर टिकत नाही तशी. तो पलंगाच्या कडेला बसला. तिला काहीतरी लागेल असं बोलावं, चिडवावं, म्हणजे उठेल, असं त्याच्या मनात आलं.

"तुझ्या हातचा चहा कधीच बरा नव्हता," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

तो उठला. लेकीला फोन केला, म्हणाला, "ये. रजा मिळत नसेल तर नोकरी सोड, पण उद्या संध्याकाळपर्यंत ये. आईला दोन्ही वेळ जेवायला घाल. अडगळीच्या खोलीत जायचं नाही."

"तिथे काय आहे?"

"मी आहे," रंगारी म्हणाला. "माझं काम आहे तिथे."

मग त्याने शिडीशेजारचं जुनं स्टूल पुसलं, ज्यावर उभं राहून त्याने अर्ध्या गावाच्या भिंतींचे वरचे काठ ओढले होते. ते झाडाच्या बाजूला ठेवलं. सदरा काढला. बसला, आणि खांदा पानांना टेकवला.

पानं थंड नव्हती.

८

लेक आली. तिने दारातून हाका मारल्या, भांडली, रडली, आणि बापाचा स्वभाव माहीत असल्याने शेवटी ताट दारात ठेवून जाऊ लागली. ग्रंथपाल रोज वर येत, दाराबाहेर उभे राहत आणि विचारत, "रंगारी, काही हवंय का?" हा म्हणायचा, "उजेडातून बाजूला व्हा." तिथे उजेड फारसा नव्हताच.

जेवताना तो दार किंचित उघडायचा आणि समोरच्या पलंगाकडे बघायचा. पाचव्या दिवशी बायको उशीला टेकून बसली होती. आठव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने कप धरला. गेलेलं परत आलं असं तो म्हणणार नाही. ओठ तसेच पांढरे, हातावर तीळ नाही. ते सगळं त्याच्या शेजारी होतं, पानात, आणि तिथेच राहणार होतं. पण जायचं थांबलं होतं. रंग उडालेली भिंत असली तरी भिंत असते.

झाडाची पानं ताठ झाली होती. शेंड्यात नवी सुरळी वर येत होती.

ती उलगडेपर्यंत बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण आयुष्यभर वाळणाऱ्या पट्ट्याकडे बघत बसलेला माणूस, त्याला कसं जमणार? अकराव्या दिवशी दुपारी त्याने मान वळवली. सुरळी बोटभर उघडली होती. आतली बाजू ओली, गडद. करड्या रंगाची बारीक लव होती तिच्यावर, हातावर असते तशी, आणि त्या लवेत पांढऱ्या रंगाचा एक बारीक शिंतोडा, टर्पेंटाईनने घासूनही न गेलेला. त्याने आपल्या मनगटाकडे बघितलं नाही. तेवढं मात्र जमलं.

बाहेर लेक भांडी घासत होती. नळाचा आवाज येत होता. बायकोची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा, मग ती दाराशी आली. दार बंदच होतं.

"किती वेळ खोकताय," ती बाहेरून म्हणाली. आवाज बारीक होता, पण त्यात कुरकुर होती, खरी, तिची स्वतःची. "सकाळपासून ऐकतेय. घसा फाटेल. पाणी घ्या की जरा."

रंगारी खोकला नव्हता. सकाळपासून त्याने तोंडही उघडलं नव्हतं.

सुरळी जराशी थरथरली.

"घेतो," तो म्हणाला. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला. मग काठीचा आवाज लांब जाईपर्यंत थांबला, आणि स्टूल आणखी थोडं झाडाकडे सरकवून घेतलं.